हप्ता डोक्यावर घेऊन विकायला निघालेली मुलं

गेल्या महिन्यात कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांसाठी करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला. विषय होता सेल्स आणि मार्केटिंग. पाहुणे दोन. पहिले एका मॅनेजमेंट संस्थेच्या प्रवेश विभागातले. एमबीए नसलेला माणूस सेल्समध्ये आयुष्यभर बॅगच उचलतो, असं त्यांचं म्हणणं. दुसरे घणसोली-उलवे पट्ट्यात फ्लॅट विकून मोठे झालेले. पदवी म्हणजे नुसता कागद, मी बारावीनंतर शिकलो नाही आणि आज माझ्या हाताखाली सहा एमबीए आहेत, असं त्यांचं म्हणणं. टाळ्या दोघांनाही पडल्या. समोर बसलेल्या आईवडिलांच्या हातात फीचं पत्रक होतं, पण त्यातल्या आकड्याबद्दल दोघांपैकी कोणीही एक शब्द काढला नाही.

मी पंचवीसहून अधिक वर्षं विक्रीत आहे. बीएस्सी केमिस्ट्री करून ठाण्यातून रोज रबाळे, महापे, तुर्भे असा टीटीसीचा, म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्याचा औद्योगिक पट्टा पालथा घातला, कारखान्यांना बॉयलरची आणि पाणी शुद्धीकरणाची केमिकल्स विकली, आणि आता आमच्या कंपनीत सेल्ससाठी मुलं निवडायचं काम माझ्याकडे आहे. ‘पदवी हवी की नको’ असा हा वाद घातला की त्यातून घरात बसून निर्णय घेणाऱ्या माणसाच्या हाती काही लागत नाही. माझं मत मी आधीच सांगते. विक्रीची पदवी कर्ज काढून, एकही दिवस विक्री न करता घेऊ नये. आधी दोन वर्षं विकावं, मग गरज वाटली तर शिकावं, आणि शक्यतो नोकरी न सोडता. हे मी मुलाच्या खिशाचा विचार करून म्हणते आहेच, पण तेवढ्यासाठी नाही. कर्जात बुडालेला विक्रेता गिऱ्हाइकाला महाग पडतो. आणि माणसाला विकायला शिकवण्याचा जो खर्च कंपन्यांनी करायचा, तो आज बापाच्या पीएफमधून होतो आहे. या दोन गोष्टींवर कोणी बोलत नाही म्हणून हा लेख.

‘सेल्सची पदवी’ अशी वेगळी पदवी आपल्याकडे जवळपास नसतेच. बारावीनंतर बीएमएस किंवा बीबीए, पदवीनंतर एमएमएस, एमबीए किंवा पीजीडीएम, आणि त्यात मार्केटिंग हा स्पेशलायझेशनचा विषय, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ मध्ये बीबीए-बीएमएस हे अभ्यासक्रम तांत्रिक व व्यवस्थापन शिक्षणाला मान्यता देणाऱ्या एआयसीटीईच्या कक्षेत आले, राज्याच्या सीईटी सेलने त्यांची प्रवेश परीक्षा घेतली, आणि ती टाळायला काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं. तेव्हा नाव काय, मान्यता कोणाची, हे आधी विचारून घ्यावं.

आता पदवीच्या बाजूचं जे खरं आहे ते पूर्ण मान्य करते, कारण ते कमी नाही. सगळ्यात मोठा मुद्दा दाराचा. साबण-बिस्किटांसारखा रोजचा माल विकणाऱ्या मोठ्या एफएमसीजी कंपनीत डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन म्हणून लागलेला मुलगा बीट, म्हणजे ठरलेल्या दुकानांचा फेरा, फिरतो, मग सेल्स ऑफिसर होतो, मग नशीब आणि साहेब दोन्ही बरे असतील तर आठ-दहा वर्षांनी एरिया सेल्स मॅनेजर. नामांकित संस्थेच्या कॅम्पसमधून मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून आलेली मुलगी त्याच खुर्चीत दीड-दोन वर्षांत बसते. मुंबई विद्यापीठाची १९६५ पासूनची जमनालाल बजाज, किंवा पवईची निटी, जी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, अशा ठिकाणी कंपन्या स्वतः चालत येतात. तिथं प्रवेश मिळत असेल तर माझा पुढचा सगळा युक्तिवाद बाजूला ठेवा आणि जा. कर्ज काढून जा. पण त्या दाराची किंमत सांगून शेजारच्या खिडकीचं तिकीट विकलं जातं, तिथं माझा आक्षेप आहे. वरच्या दहा-वीस संस्थांचे पगार दाखवून पुढच्या शेकडो संस्थांची फी घेतली जाते.

दुसरा मुद्दा मुलींचा. मी १९९८ मध्ये कामाला लागले तेव्हा ‘मुलगी कारखान्यांच्या गेटवर हिंडते’ हे वाक्य आमच्या घरी नातेवाइकांनी किती वेळा ऐकवलं त्याची गणती नाही. ‘एमबीए मार्केटिंग’ म्हटलं की तेच काम सभ्य होतं. पदवीने मुलींना घराबाहेर पडायला जी परवानगी मिळवून दिली, ती मी हलक्यात घेणार नाही. शिवाय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अशा मुलीचं गणितच वेगळं. तिला मी म्हणेन, सीईटी दे आणि कॅपमधूनच जा. ही सवलत मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना नाही, हे मात्र कार्यक्रमातल्या पहिल्या पाहुण्यांनी सांगायला हवं होतं.

आणि तिसरा मुद्दा शिक्षणाचा. वर्गात काही शिकायला मिळत नाही, हे दुसऱ्या पाहुण्यांचं म्हणणं मला साफ नामंजूर आहे. मी तिशीत, नोकरी सांभाळून, विद्यापीठाचं तीन वर्षांचं पार्टटाइम एमएमएम, म्हणजे मार्केटिंगची पदव्युत्तर पदवी, केलं. संध्याकाळी वाशीहून गाडी पकडायची, डबा गाडीतच खायचा, रात्री अकराला घरी. किंमत कशी ठरते, सूट दिल्यावर नफ्याचं काय होतं, एक मोठं गिऱ्हाईक सांभाळायला किती छोटी गिऱ्हाइकं सोडावी लागतात, हे मी तिथं शिकले. पण मला ते कळलं, कारण सरांनी फळ्यावर आकडे मांडले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पावण्याचा तो डाइंगवाला उभा होता, ज्याला मी पाच टक्के सूट देऊन बसले होते. माझ्याच बाकावर नोकरी न केलेली दोन हुशार मुलं होती. त्यांनी तीच वाक्यं वहीत उतरवली, मार्कही माझ्यापेक्षा जास्त मिळवले. पुढे पहिल्या नोकरीत ती दोघंही पाच टक्के सूट देऊन बसली. पोहण्याच्या पुस्तकाचा उपयोग पाण्यात उतरलेल्यालाच होतो ना?

आता आकड्यांकडे येऊ. इथल्या मध्यम दर्जाच्या खासगी संस्थेची दोन वर्षांची फी आठ लाख धरू. व्याजदर ११ टक्के धरू. फी दर वर्षी चार लाख भरली, आणि शिकत असताना व वर सहा महिने हप्ता नको असं ठरवलं, तर फेड सुरू होईपर्यंत पावणेदोन लाखांच्या आसपास नुसतं व्याज चढतं. पुढे सात वर्षं महिन्याला साधारण १६,७०० रुपये. बेरीज केली तर आठ लाखांचे चौदा लाख होतात. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका बहुतेक वेळा तारण मागतात, आणि आपल्याकडे तारण म्हणजे राहतं घर. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते असं प्रवेश विभाग आवर्जून सांगतो. ती जुन्या कररचनेत मिळते, आणि तीस हजार कमावणाऱ्या मुलाला मुळात कर लागतो किती?

आमच्या कंपनीत आज बीएस्सी झालेला मुलगा २२ हजारांवर लागतो, एमबीए झालेला ३० हजारांवर. फरक आठ हजारांचा, हप्ता साडेसोळा हजारांच्या वर. ज्या दोन वर्षांत एकजण फी भरत होता त्या दोन वर्षांत दुसऱ्याने सव्वापाच लाख पगार घेतला, आणि तो काही २२ हजारांवर थांबलेला नसतो. दोन वर्षं टिकलेल्याला आम्ही सत्तावीस-अठ्ठावीस देतो, कारण त्याची गिऱ्हाइकं त्याला नावाने ओळखतात. म्हणजे एमबीए मुलगा दारात येतो तेव्हा फरक दोन-तीन हजारांवर आलेला असतो. पुढे एमबीएवाला वेगाने वर जाईल असं म्हणाल, तर काही जण जातात. पण तो वेग पदवीचा की त्या मुलाचा, हे वेगळं कसं काढायचं? मी गेल्या काही वर्षांत टीम लीडर केलेल्यांमध्ये दोन्ही प्रकारची मुलं आहेत, आणि निवडताना मी कोणाचीही गुणपत्रिका पाहिलेली नाही. महिनाअखेरीला कोण थापा मारत नाही, एवढं पाहिलं.

पॅकेजच्या जाहिरातींबद्दल एकच सांगते. ‘सरासरी नऊ लाख’ या शब्दांना फसू नका. दोन मुलांना वीस-वीस लाख मिळाले की सरासरी फुगते. मधल्या मुलाला किती मिळाले ते विचारा, म्हणजे मीडियन. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीला माहिती देणाऱ्या संस्था दर वर्षी किती मुलं लागली आणि मीडियन पगार किती, हे त्यात भरतात. ते कोणालाही पाहता येतं. आणि सेल्सच्या पॅकेजमध्ये तर आणखी एक मेख असते. नऊ लाखांतले तीन लाख व्हेरिएबल असतात, म्हणजे टार्गेट पूर्ण झालं तर. हप्ता मात्र फिक्स असतो.

या फिक्स हप्त्याचं विक्रेत्याच्या तोंडातल्या शब्दांवर काय होतं, हे मला सगळ्यात जास्त बोचतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. तुर्भ्याच्या एका डाइंग युनिटमध्ये बॉयलरच्या ट्यूब्जना थर धरत होता. मॅनेजरांनी बोलावून घेतलं, म्हणाले, “मॅडम, तुमच्या केमिकलचे चार ड्रम पाठवा, डोस वाढवतो.” चार ड्रम म्हणजे माझं त्या महिन्याचं टार्गेट पूर्ण. बॉयलरवरचे काका, वयाने साठीच्या घरातले, हाताला कायम वंगण, त्यांनी काही न बोलता माझ्या तळहातावर ट्यूबमधून खरवडलेला एक तुकडा ठेवला. अंड्याच्या टरफलासारखा, पांढरा-करडा, एका बाजूने ट्यूबची गोलाई तशीच घेतलेला. मी पाण्यातले थर धरणारे क्षार काढणाऱ्या सॉफ्टनरच्या बाहेर येणारं पाणी बाटलीत घेतलं, त्यात बफर आणि इंडिकेटर टाकला. पाणी मऊ असेल तर ते निळं होतं. ते लालसर, कोकमाच्या सारासारखं झालं. काका म्हणाले, “बघा.” सॉफ्टनरची रेझिन थकली होती. तिला मिठाच्या पाण्याने धुवून पुन्हा चालू करायची गरज होती, माझ्या केमिकलची नव्हती. मी मॅनेजरांना तसं सांगितलं. दोन पोती मीठ आणा, ड्रम आत्ता नकोत. त्या महिन्याचं माझं टार्गेट गेलं, साहेबांची बोलणी खाल्ली. पण त्या युनिटने पुढची अकरा वर्षं दुसऱ्या कोणाकडून एक किलो माल घेतला नाही, आणि त्यांनी नाव सांगितलं म्हणून शेजारच्या तीन कारखान्यांची गेटं माझ्यासाठी उघडली.

मी हे करू शकले कारण माझ्या डोक्यावर हप्ता नव्हता. पगार कमी होता, घरी भाऊ शिकत होता, पण पाच तारखेला बँकेचा मेसेज येणार नव्हता. मी रोज मुलाखती घेते. हल्ली पहिला प्रश्न कामाचा येत नाही, “मॅडम, फिक्स किती?” असा येतो. मी त्या मुलांना दोष देत नाही. ज्याला सोळा हजार द्यायचेच आहेत तो गिऱ्हाइकाला “हे तुम्हाला नको” असं कुठल्या तोंडाने सांगेल? आणि विक्रीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे. आमच्याकडे चार ड्रम जास्त गेले तर कारखान्याचं नुकसान होतं. पण तोच मुलगा विमा विकत असेल तर? निवृत्त शिक्षकाला दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी गळ्यात मारली जाते, ठेव म्हणून. विमा नियामकाने २०२४ मध्ये पॉलिसी परत करायची मुदत ३० दिवसांची केली. चूक उमगायला आणि ती परत घ्यायला गिऱ्हाइकाला जास्त वेळ हवा, असं नियामकालाच वाटलं, यातच सगळं आलं. फसवून विकण्याला कर्ज हे एकच कारण आहे असं मी म्हणत नाही. लोभ आहे, टार्गेटचा चाबूक आहे, साहेबांचे फोन आहेत. पण त्या चाबकाखाली वाकणार नाही अशी पाठ हवी असेल तर तिच्यावर आधीच चौदा लाख ठेवून कसं चालेल?

आता कोणी म्हणेल, डॉक्टर, फार्मासिस्ट, सीए यांनाही कर्ज असतं, मग विक्रेत्यालाच का हा नियम? प्रश्न योग्य आहे. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, १९४८ चा कायदा आहे. हिशेब तपासून सही करायला सीए लागतो, १९४९ चा कायदा आहे. वकिलांसाठी १९६१ चा आहे. तिथं पदवी किंवा परीक्षा नसेल तर दार कायद्यानेच बंद. त्या कर्जाच्या बदल्यात असं काही मिळतं जे दुसऱ्याला करता येतच नाही. विक्रीत कायद्याने काय लागतं ते पाहू. विम्याचा एजंट व्हायला दहावी, थोडं प्रशिक्षण आणि आयसी-३८ परीक्षा. म्युच्युअल फंड विकायला एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची पाच-ए परीक्षा. घरं विकायला महारेराची नोंदणी, आणि २०२३ पासून त्यासाठीही प्रशिक्षण आणि परीक्षा. या सगळ्यांची फी मिळून एका सेमिस्टरच्या फीच्या जवळपासही जात नाही. आणि त्या परीक्षांमध्ये काय विचारतात? गिऱ्हाइकाला काय सांगणं बंधनकारक आहे, कशाचं वचन देता येत नाही, पैसे परत कधी द्यावे लागतात. विक्रेत्याकडून समाजाला जे हवं आहे ते तिथं आहे. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाने सुट्टीत यातली एक परीक्षा दिली, तर माझ्या टेबलावर त्याचा अर्ज वर येतो.

दुसऱ्या पाहुण्यांकडे वळते, कारण त्यांचा युक्तिवाद पहिल्यांच्या इतकाच कच्चा आहे. ‘मी शिकलो नाही, तरी मोठा झालो’ हे ऐकायला छान वाटतं, पण त्यांच्यासोबत त्याच वर्षी घरं विकायला निघालेले बाकीचे कुठे आहेत, हे कोणी विचारत नाही. मराठी उद्योगाचा इतिहास हवा असेल तर तो नीट वाचावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीत विष उतरतं असा शेतकऱ्यांचा समज, त्यामुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. हे उदाहरण ‘पदवीशिवाय विक्री’ म्हणून सांगितलं जातं. पण ते मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, बेळगावात सायकली विकत आणि दुरुस्त करत होते, यंत्राचा कण न् कण त्यांना माहीत होता. विक्रीची पदवी नव्हती, मालाचं ज्ञान पक्कं होतं. आणि मला त्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन वर्षं नांगर विकला गेला नाही त्याचा भार कारखानदाराने सोसला. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, तोही माल लोकांपर्यंत नेण्याचा खर्च कारखान्याचाच होता. शेतकऱ्याचं मन वळवायला नेमलेल्या पोराने आधी स्वतःचं शेत गहाण टाकून यावं, असं कोणी म्हटलं नाही.

आपल्या ठाणे जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. डोंबिवलीत कारखाना असलेल्या विकोचे केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळच्या घरातून सुरुवात केली, दंतमंजन घरोघरी जाऊन विकलं. त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर मात्र फार्मसी शिकलेले. म्हणजे त्या घरानेही शिक्षणावर खर्च केला, आणि तो मालावर केला. आमच्या टीटीसीत वॉल्व्ह, पंप, रसायनं विकणारे जे चांगले विक्रेते मी पाहिले त्यांतले बहुतेक डिप्लोमा मेकॅनिकल नाही तर केमिस्ट्रीवाले. विकण्याची कला त्यांना गिऱ्हाइकाने शिकवली. माल त्यांना आधी माहीत होता.

मग ही पदवी इतकी फोफावली कशी? वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली. त्या निर्णयावर टीका खूप झाली, पण आज टीटीसीतल्या कित्येक कारखान्यांचे प्लांट हेड सांगली-साताऱ्याकडचे त्या कॉलेजांतून आलेले आहेत, हे मी डोळ्यांनी पाहते. तिथं लेथ होता, लॅब होती, घरी किंवा नोकरीत सहजी न मिळणारी गोष्ट फीच्या बदल्यात मिळत होती. मग डी.एड.ची लाट आली. गावोगाव कॉलेजं निघाली, शेतं विकून पोरींना घातलं, आणि शिक्षकभरती वर्षानुवर्षं रखडली. डी.एड. झालेल्या दोघी माझ्या माहितीत आज मॉलमध्ये साड्या विकतात. विक्रीच्या पदवीचं वाईट असं की तिच्यात डी.एड.सारखा भरतीचा आधारही नाही आणि इंजिनिअरिंगसारखी लॅबही नाही. विक्रीची लॅब म्हणजे बाजार. आणि बाजारात उतरायला फी कशाला?

इथंच कंपन्यांना जाब विचारायला हवा, त्यात मीही आले. औषध कंपन्या आजही नव्या एमआरला, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणाऱ्या प्रतिनिधीला, आठवडे-आठवडे बसवून शरीरशास्त्र, औषधाची क्रिया, डॉक्टरपुढे दोन मिनिटांत काय बोलायचं हे शिकवतात, पगार देऊन. आयुर्विमा महामंडळाने डेव्हलपमेंट ऑफिसरमार्फत लाखो एजंट तयार केले, कोणत्याही विद्यापीठात न पाठवता. मग बाकीच्यांनी जाहिरातीत ‘एमबीएला प्राधान्य’ हे शब्द कशाला घालायचे? अर्जांचा ढीग चाळायचा कंटाळा, हेच खरं कारण असतं. तो कंटाळा वाचवायला एका घराने चौदा लाख मोजायचे? गेल्या वर्षी मी आमच्या जाहिरातीतून ते शब्द काढायला लावले. एचआरने विरोध केला, अर्ज दुपटीने आले, चाळायला मला दोन रविवार लागले. लागू देत. सरकारकडून अपेक्षा करायची तर ती अप्रेंटिसशिपची. १९६१ पासून कायदा आहे, पदवीबरोबरच उमेदवारी करता येईल असे अभ्यासक्रम यूजीसीने मान्य केले आहेत. रिटेलमध्ये ते सुरू झालेत, पण आपल्या भागातली किती कॉलेजं आणि किती दुकानदार, डिस्ट्रिब्युटर त्यात उतरले? स्टायपेंड घेऊन शिकणारा मुलगा आणि कर्ज घेऊन शिकणारा मुलगा, दोघांच्या हाती शेवटी पदवीच येणार आहे.

त्या कार्यक्रमानंतर आमच्या मागच्या माथाडी वसाहतीतले एक भाऊ मला गेटवर थांबून भेटले. मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या फळ मार्केटात तीस वर्षं काम करतात. पत्रक घडी करून खिशात ठेवलेलं. शनिवारपर्यंत पंचवीस हजार भरून सीट धरायची होती, त्यांनी पतसंस्थेतून उचल मागितलीही होती. “ताई,” म्हणाले, “माझ्या डोक्यावं वझं हाय ते त्याच्या डोक्यावं नको, एवढंच. बाकी मला कायबी कळत न्हाई.” हे त्यांना कळत नाही असं मला वाटलं नाही. ज्या माणसाने रुमालाखाली बोटं दाबून आंब्याचा भाव ठरताना वर्षानुवर्षं पाहिला, अडत्या कोणाला उधार देतो आणि कोणाला नाही हे पाहिलं, त्याला विक्रीतलं पुष्कळ कळतं. मी त्यांच्याच पत्रकाच्या मागे हप्त्याचा हिशेब मांडला. वझं पोराच्या डोक्यावर जाणारच होतं, फक्त ते पोत्याचं नसतं, बँकेचं असतं. ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले, मग विचारलं, “मग त्यानं बसून ऱ्हायाचं?”

नाही राहिला. मुलाने तिसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर दिला आणि तो ऐरोलीच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे लागला. दिघा ते ऐरोली बीट, पगार सोळा हजार, वर पेट्रोल. हे काम हलकं आहे असं त्याच्या आईला अजून वाटतं, आणि तिची समजूत मला घालता आलेली नाही. दोन वर्षांनी तो सीईटी देईल किंवा पार्टटाइमला बसेल, तेव्हा फी किती आणि कशासाठी हे तो स्वतः ठरवेल. परवा रात्री ते दोघं माझ्याकडे आले होते. मुलाने मोबाइलमधलं ऑर्डरचं पान उघडून दाखवलं. चौतीस दुकानं फिरला, नऊ ऑर्डरी. वडिलांनी चष्मा लावला, नऊ नावांवरून बोट नुसतं पुढे नेलं आणि दहाव्या नावावर थांबवलं.

“ह्यानं का न्हाई घेतलं?”